वायरशार्क, एनमॅप, आयपर्फ, टीसीपीडम्प: आठ महिने लॅनवर वापरल्यानंतर

आमच्या कॉलेजात तीन कॉम्प्युटर लॅब, ऑफिस आणि लायब्ररी धरून दीडशेच्या आसपास मशीन आहेत आणि त्यांना जोडणारं आतलं नेटवर्क, म्हणजे लॅन, मी सांभाळतो. "सर, नेट गेलं" असा निरोप आला की पूर्वी स्विच (मशीनच्या नेटवर्क वायर जिथे जोडतात ती पेटी) बंद करून चालू करायचो. बऱ्याचदा चालूही व्हायचं, पण बिघाड कशाचा होता ते कळायचं नाही आणि चार दिवसांनी तेच पुन्हा. यंदा जूनमध्ये ठरवलं, आधी बघायचं, मग हात लावायचा. त्यासाठी जी टूल्स वापरली त्यांचा हा अनुभव. सगळी फुकट मिळणारी आहेत.

वायरशार्कपासूनच सुरुवात करतो. नेटवर्कवरून जाणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, ते पकडून दाखवतं. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ते इथेरियल या नावाने आणलं, २००६ पासून वायरशार्क. पहिले दोन आठवडे मला त्यातलं काही उमगत नव्हतं. लॅपटॉप लॅबच्या स्विचला जोडला, कॅप्चर सुरू केलं, आणि दिसलं काय तर माझंच ट्रॅफिक आणि इतरांचे ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेले निरोप. शेजारच्या मशीनचं सर्व्हरशी चाललेलं बोलणं कुठेच नाही. दोष टूलचा नव्हता. स्विच ज्याचं पॅकेट त्याच्याच पोर्टला देतो, त्यामुळे दुसऱ्याचं ट्रॅफिक बघायचं तर मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर मिरर पोर्ट, म्हणजे दुसऱ्या पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल देणारा पोर्ट, लावावा लागतो. आमच्या दोन लॅबमध्ये साधे अनमॅनेज्ड स्विच होते. शेवटी आठ पोर्टचा एक छोटा मॅनेज्ड स्विच मागवला, तो आता माझ्या बॅगेतच असतो. माझ्या मते टूल कोणतं यापेक्षा लॅपटॉप कुठे जोडलाय, याने जास्त फरक पडतो.

ऑगस्टमधला प्रसंग सांगतो. सकाळी लॅब उघडली की काही मशीनना नेट असायचं, काहींना नाही, आणि रोज वेगळ्या मशीनना. बंद पडलेल्या एका मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बघितला तर १९२.१६८.० ने सुरू होणारा. आमची रेंज १० ने सुरू होते. वायरशार्क लावला, फिल्टरच्या चौकटीत डीएचसीपी (मशीनना आयपी वाटायची पद्धत) एवढंच टाईप केलं आणि माझ्या लॅपटॉपचा आयपी सोडून नव्याने मागितला. एका डिस्कव्हरला, म्हणजे आयपीच्या मागणीला, दोन ऑफर आल्या. एक आमच्या सर्व्हरची, दुसरी कुण्या अनोळखी यंत्राची. ज्याची ऑफर आधी पोचेल त्याचा आयपी मशीन घेत होतं, म्हणून तर रोज वेगळी मशीन अडकत होती. मॅक ॲड्रेसच्या (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाच्या) पहिल्या तीन बाइट्सवरून वायरशार्क कंपनीचं नाव दाखवतं. ती घरगुती राउटर बनवणारी निघाली. मग मुख्य स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो ॲड्रेस शोधला, पोर्ट १७, वायर स्टाफरूमकडे जाणारी. तिथे कपाटामागे कुणीतरी मोबाइलच्या वायफायसाठी राउटर लावला होता, तोही लॅन पोर्टमधून, त्यामुळे तो आमच्या मशीननाही आयपी वाटत होता. काढला आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत. त्याच दिवशी मुख्य स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करून फक्त सर्व्हरचा पोर्ट विश्वासू ठरवला, म्हणजे दुसऱ्या पोर्टवरून आलेल्या ऑफर तिथेच अडतात.

एनमॅप मी रोज सकाळी चालवतो, नेटवर्कवर कोण कोण आहे ते बघायला. लॅनवर ते एआरपीने, म्हणजे "हा आयपी कुणाचा?" असं, विचारतं, त्यामुळे फायरवॉलने पिंग ("आहेस का?" ही साधी विचारणा) अडवलेली मशीनही यादीत येतात. साध्या पिंगवर विसंबून मी पूर्वी बरीच मशीन बंद समजायचो.

दोन मशीनमधला वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ बद्दल मात्र फार कमी लोक बोलतात, आणि माझा सर्वात जास्त वेळ त्यानेच वाचवला. एका लॅबची मागची रांग "स्लो आहे" ही तक्रार वर्षभराची. इंटरनेटचा स्पीड तपासून काही कळत नव्हतं. सर्व्हरवर आयपर्फ उभं केलं, त्याला लागणारा पोर्ट क्रमांक ५२०१ फायरवॉलमध्ये मोकळा केला आणि एकेक मशीन मोजलं. पुढच्या रांगेत ९४० एमबीपीएसच्या आसपास, मागच्या रांगेत बरोबर ९४. हा आकडा दिसला की गिगाबिटची (१००० एमबीपीएसची) लिंक १०० वर उतरलीय हे ओळखायचं. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. मागच्या रांगेचा छोटा स्विच ज्या केबलने जोडलाय तिचा कनेक्टर उजेडात धरला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. नवा कनेक्टर क्रिम्प केला, आकडा ९३८.

टीसीपीडम्पही पॅकेटच पकडतं, फक्त कमांड टाईप करून. त्याला खिडक्या नाहीत, रंग नाहीत, पण स्क्रीन नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर त्याला पर्याय नाही. कधीतरीच येणारा बिघाड पकडायचा तर ठरावीक आकाराच्या फायली फिरत्या ठेवायला सांगतो, म्हणजे डिस्क भरत नाही. फाईल मग वायरशार्कमध्ये उघडायची. फक्त एक अडचण: टीसीपीडम्पचे फिल्टर आणि वायरशार्कचे डिस्प्ले फिल्टर यांची भाषा वेगळी आहे, अजूनही माझी गल्लत होते.

जुन्या लेखांत मायक्रोसॉफ्टच्या मेसेज ॲनालायझरची शिफारस दिसेल. ते २०१९ मध्येच मागे घेतलं गेलं, त्याच्या नादी लागू नका.

आणि मिरर पोर्ट लावण्याआधी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. मी घेतली. एन्क्रिप्शन नसलेल्या जुन्या वेबपेजवर कुणी लॉगिन केलं तर पासवर्ड सरळ वाचता येतो. आमच्या लायब्ररीच्या जुन्या सॉफ्टवेअरचा मला तसाच दिसला. कॅप्चर तिथल्या तिथे पुसलं, लायब्ररीला पासवर्ड बदलायला सांगितलं, आणि ते पेज एचटीटीपीएसवर नेण्याचं काम आता सुरू आहे.