सीपॅनेलमधलं मेलमन दुरुस्त करायचं की लिस्टच हलवायची?

एका पत्त्यावर टाकलेली मेल सर्व सभासदांना पोचवणारी मेलिंग लिस्ट बऱ्याच संघटना मेलमन या सॉफ्टवेअरवर चालवतात, आणि ते होस्टिंगसोबत येणाऱ्या सीपॅनेल या नियंत्रण-पानावर मिळतं. लिस्टवर मेल टाकली, निम्म्या लोकांना पोचली, उरलेल्यांना नाही. होस्टिंगवाल्याकडे तिकीट टाकलं की उत्तर ठरलेलं: ‘आमच्या बाजूनं सर्व व्यवस्थित आहे.’ मग समितीत कुणीतरी म्हणतंच, ‘सोडा ते मेलमन, गूगल ग्रुप्सवर जाऊ.’ माजी विद्यार्थ्यांची संघटना असो की परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, वाद इथेच येऊन थांबतो.

पर्याय तीन. आहे ते मेलमन नीट करणं, स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा, पण पूर्ण आपल्या ताब्यातला सर्व्हर) घेऊन त्यावर मेलमन ३ चढवणं, किंवा गूगल ग्रुप्स नाहीतर ग्रुप्स डॉट आयओ अशा तयार लिस्ट-सेवेकडे जाणं. निवडण्याआधी एकच गोष्ट शोधा: मेल मेलमनच्या आतच अडकते आहे, की बाहेर पडून समोरच्या सर्व्हरच्या दारात मरते आहे? आत अडकत असेल तर हलण्याची गरजच नाही.

आत अडकायची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात. सीपॅनेलमधल्या मेलमन २.१ मध्ये मेलच्या आकाराची मर्यादा मुळात ४० केबी ठेवलेली असते. स्नेहसंमेलनाचा एक फोटो जोडला की मेल मॉडरेटरच्या रांगेत जाऊन बसते, आणि ती रांग कुणी महिनोन्महिने उघडलेली नसते. लिस्टचा पत्ता बीसीसीत टाकला तरी तेच होतं. दहा किंवा जास्त पत्ते एकदम घातले तरी तेच. ऑफिसच्या पत्त्यानं सभासद झालेला माणूस घरच्या जीमेलवरून लिहायला गेला, तर तो मेलमनच्या लेखी परकाच. ही सगळी कारणं ‘व्हेट’ नावाच्या लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) एकेका ओळीत लिहिलेली सापडतात. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहक असतात तिथे, तो लॉग तुम्हाला दिसत नाही, पण सपोर्टला ‘मेलमनच्या व्हेट लॉगमधल्या अमुक तारखेच्या ओळी पाठवा’ असं नेमकं लिहिलंत तर उत्तरही नेमकं येण्याची शक्यता वाढते.

‘माझीच मेल मला आली नाही’ ही तक्रार मात्र सरळ बाजूला ठेवा. आपण पाठवलेल्या मेलची लिस्टवरून परत आलेली प्रत जीमेल इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाही. यात बिघाड काहीच नाही.

आत-बाहेरच्या उंबरठ्यावरचं एक कारण म्हणजे ताशी मर्यादा. सीपॅनेलमध्ये होस्टिंगवाला दर डोमेनमागे तासाला किती मेल जातील ते ठरवतो, आणि लिस्टच्या मेल त्यात मोजायच्या की नाही हेही त्याच्याच हातात असतं. समजा मर्यादा २०० ची आहे, सभासद ३५० आहेत आणि लिस्टच्या मेल मोजल्या जातात. मग मर्यादेपलीकडच्या मेल मागे राहतात किंवा चक्क टाकून दिल्या जातात. ‘निम्म्यांना पोचली’ याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

खरी डोकेदुखी डीमार्कची, म्हणजे ‘फ्रॉम’मधला पत्ता खरा आहे का हे पडताळण्याच्या नियमाची. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं जाहीर धोरण लावलं की आमच्या पत्त्याच्या नावानं आलेली पण पडताळणीत न बसणारी मेल नाकारा. मेलमन विषयाच्या आधी चौकटी कंसात लिस्टचं नाव जोडतं, खाली तळटीप चिकटवतं. तेवढ्यानं मूळ डीकेआयएम सही, म्हणजे मेल वाटेत बदललेली नाही याची पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल खूण, मोडते. एसपीएफ (डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) लिस्टच्या डोमेनचा जुळतो, ‘फ्रॉम’मधल्या याहूचा नाही. म्हणजे याहूवरच्या एका काकांनी दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या की जीमेलवाल्यांकडे ती मेल नाकारली जाते आणि बाउन्स, म्हणजे मेल परत आल्याचा गुण, जीमेलवाल्यांच्या खात्यावर चढतो! मेलमनमध्ये अशा गुणांचा मुळात ठेवलेला उंबरठा ५ चा असतो. काही दिवस असंच चाललं की मेलमन त्या निरपराध सभासदांची डिलिव्हरी बंद करतं.

यावर उपाय मेलमन २.१.१८ पासून आहे. प्रायव्हसी विभागात, सेंडर फिल्टर्सखाली डीमार्क मॉडरेशन अ‍ॅक्शन शोधा आणि ‘मंज फ्रॉम’ निवडा. मग कडक धोरणाच्या डोमेनवरून आलेली मेल लिस्टच्या पत्त्यानं बाहेर पडते, मूळ पत्ता ‘रिप्लाय-टू’त जातो. शिवाय डोमेनला डीकेआयएम लावलेलं आहे का ते सीपॅनेलच्या ईमेल डिलिव्हरेबिलिटी पानावर बघा आणि ज्या सभासदांची डिलिव्हरी बंद पडली त्यांच्या नावापुढची ‘नोमेल’ खूण काढा. हे न करताच लिस्ट हलवणाऱ्यांची मला गंमत वाटते.

एवढं करूनही मेल स्पॅममध्ये जात असेल, तर दोष शेअर्ड आयपीचा (अनेक ग्राहकांत वाटलेल्या सर्व्हरच्या इंटरनेट-पत्त्याचा) असण्याची शक्यता मोठी. त्याच आयपीवरून कुणी शेजारी कचरा पाठवत असेल तर तुमच्या सेटिंगनं काही होत नाही. इथे हलणं रास्त. आणखी एक कारण आहेच: मेलमन २.१ पायथन २ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. आज चालतंय म्हणून राहा, पण पुढची दहा वर्षं त्यावर बांधू नका.

मेलमन ३ मला तिघांत सर्वांत आवडतं आणि तरीही बहुतेकांना मी ते सुचवणार नाही. आर्काइव्हमध्ये (जुन्या मेलच्या साठ्यात) शोध चांगला आहे, जुन्या लिस्टचे सभासद आणि सेटिंग आयात करण्याची सोय आहे, जुना पत्रव्यवहार एमबॉक्स फायलीतून (सगळ्या मेल एकत्र साठवणाऱ्या फायलीतून) वेगळा आणता येतो. पण ते साध्या शेअर्ड होस्टिंगवर बसत नाही. डेटाबेस, जँगो (वेब-पानांचा सांगाडा), पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर), रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), सगळं तुमच्या गळ्यात. बऱ्याच क्लाउड कंपन्या पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर पाठवायचं दार, बंदच ठेवतात. नव्या आयपीला पत काहीच नसते. लॉग मात्र सगळे तुमच्या हातात. लिनक्स हाताळणारी दोन माणसं असतील तरच या वाटेला जा. एकच असेल तर तो नोकरी बदलेल त्या दिवशी लिस्ट पोरकी होईल.

गूगल ग्रुप्सवर पोचण्याची शक्यता चांगली, खर्च शून्य. पण मोफत ग्रुपमध्ये जुना आर्काइव्ह सहज आणता येत नाही, पत्ता बदलतो, आणि एखाद्याला मेल का पोचली नाही हे पाहायला लॉगच नाही. ज्या अंधारामुळे सीपॅनेलला कंटाळलात, तोच इथे नव्या रंगात. ग्रुप्स डॉट आयओ या बाबतीत उजवं: प्रत्येक सभासदाच्या डिलिव्हरीचा इतिहास दिसतो. मोठ्या लिस्टला पैसे पडतात, तेवढे द्यावेत असं माझं मत.

काहीही ठरवा, आधी सभासदांची यादी आणि एमबॉक्स फाइल उतरवून घ्या. याहू ग्रुप्स बंद होत गेलं तेव्हा ज्यांनी हे वेळेत केलं नव्हतं, त्यांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेला. एमबॉक्स शेअर्ड होस्टिंगवर पुष्कळदा सपोर्टकडून मागवावी लागते, त्यामुळे ते तिकीट खातं बंद करण्याच्या आधी टाका.