बँक कोणती, एवढेही मी विचारले नाही

हे लिहिताना लाज वाटते, कारण आमच्या कोरेगाव तालुक्यातील गावात इतरांचे सरकारी अर्ज मीच भरून देतो. पोलिओमुळे मी उजव्या पायाने 55 टक्के दिव्यांग आहे, दुसऱ्याच्या दुकानात शिवणकाम करतो आणि स्वतःचे दुकान टाकण्यासाठी दिव्यांगांना व्यवसायासाठी कर्ज आणि अनुदान मिळवून देणाऱ्या सरकारी बीज भांडवल योजनेच्या मागे होतो. त्याच योजनेच्या नावाखाली माझे 20,400 रुपये गेले, आणि ते मी स्वतःच्या हाताने पाठवले.

साताऱ्यातील रुग्णालयाबाहेर प्रमाणपत्राच्या कामासाठी आलेल्या लोकांमध्ये एक गृहस्थ अर्ज वाटत होता. त्याच्याकडे मी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स दिल्या. आठवड्याने फोन आला तेव्हा पलीकडच्या माणसाला माझी टक्केवारीसुद्धा ठाऊक होती, त्यामुळे तो कार्यालयातूनच बोलतो आहे असे मला वाटले. कोणालाही वाटले असते. आधी फाइल शुल्क म्हणून 2,100, मग प्रकल्प अहवालाचे 6,500 आणि शेवटी कर्जाच्या विम्याचे 11,800 रुपये त्याने मागितले. यूडीआयडी कार्ड काढायला किंवा या योजनेचा अर्ज द्यायला कोणालाही पैसे मोजावे लागत नाहीत, हे मीच चार जणांना सांगितले असेल.

तिसऱ्या हप्त्यासाठी पत्नीच्या भिशीचे पैसे घेतले, तेव्हा तिने विचारले, "अहो, कर्ज बँक देणार ना? मग बँक कुठली? दुकानाची जागा बघायला कुणीच कसं आलं नाही?" ती फक्त दहावी शिकलेली आहे. या योजनेत दीड लाखापर्यंतच्या व्यवसायासाठी 80 टक्के रक्कम बँक कर्जाऊ देते आणि उरलेले 20 टक्के, तेही कमाल 30,000 रुपये, अनुदान म्हणून मिळतात, हे मला पाठ होते. पण मोबाईलवर आलेल्या मंजुरीपत्रात 50,000 रुपये अनुदान लिहिलेले असूनही आणि बँकेचे नाव कुठेच नसतानाही मी तिला "तुला त्यातलं काय कळतं" असे म्हणालो. पैसे पाठवताना पडद्यावर एका अनोळखी बाईचे नाव आले, तेही मी पाहिले होते. ते पाहूनही बोट थांबले नाही, हे मला अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन बंद लागला. लाजेपोटी मी चार दिवस घालवले; तुम्ही चार तासही घालवू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले की ते अडवणे अवघड होते. पोलिसांत गेलो तर सायबरचे काम वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यानुसार सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत आमच्यासाठी सुगम व्हायला हव्या होत्या; मी मात्र कठड्याला धरून बावीस पायऱ्या चढलो आणि वर ऐकले काय, तर "तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, यात गुन्हा कुठे आहे?" खोटे सांगून पैसे उकळणे म्हणजेच फसवणूक आणि भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम 318 आहे, हे मी सांगितल्यावर अर्जावर शिक्का मिळाला, गुन्हा अजून नोंदवलेला नाही. तेथून योजनेच्या कार्यालयात गेलो, तर "दलालाकडे गेलातच कशाला?" असा उलट प्रश्न आला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोनदा आणि जागेच्या करारपत्रासाठी एकदा याच टेबलावरून मला परत पाठवले होते, प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडाली होती, आणि एकदाच सगळ्या कागदांची यादी लिहून द्या म्हटले तर साहेब जेवायला गेले होते. दलाल कोठून उगवतात, हे या टेबलाला कोणी विचारावे?

आता मी नवा अर्ज स्वतः नेऊन दिला आहे आणि पोच घेतली आहे. प्रत्येक झेरॉक्सवर आडवी रेघ मारून "फक्त बीज भांडवल अर्जासाठी" असे लिहिले आणि तारीख टाकली. त्यावरून लिपिकाने कागद खराब केल्याची कुरकुर केली, पण मी दुसरी प्रत दिली नाही. या वेळी बँकेच्या शाखेचे नाव पत्नीनेच आधी विचारून घेतले.