बडोद्यातून रेसचा घोडा ठेवायचाय? ट्रेनर निवडताना ‘स्क्रॅच’कडे बघा

बडोद्यातल्या चार नातलगांनी मिळून घोड्यात भागीदारी घेतली, तरी घोडा राहणार मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला नाहीतर पुण्याला. रोज त्याचा पाय बघणार ट्रेनर. आपल्यापर्यंत पोचणार फक्त त्याचा शब्द. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी 28,000 गिनींना (जुनं इंग्रजी चलन) घेतलेला ‘सयाजीराव’ नावाचा घोडा 1947 मध्ये सेंट लेजर ही इंग्लंडातली मोठी रेस जिंकला, तेव्हा तोही इंग्लंडात सॅम आर्मस्ट्राँगच्या तबेल्यातच होता. मालक लांब असला की ट्रेनर किती रेस जिंकतो एवढंच बघून भागत नाही; ‘स्क्रॅच’, म्हणजे नाव टाकलेला घोडा ऐनवेळी रेसमधून काढणं, हेही बघावं लागतं.

ट्रेनर ढोबळमानाने दोन तऱ्हेचे भेटतात. एक जण जमेल तिथे नाव टाकतो: 1200 मीटरला एंट्री, 1400 लाही एंट्री. यात गैर काही नाही. हँडिकॅपमध्ये (घोड्याच्या कुवतीप्रमाणे पाठीवर वजन ठरतं अशा रेसमध्ये) वजन किती येईल, समोर कोण उतरेल, पुण्यात पावसाने ट्रॅक किती मऊ होईल, हे आधी कुणाला कळतं? चूक होते ती मालकाला “शनिवारी नक्की पळतोय” असं सांगण्यात. घरचे सगळे रात्रीच्या गाडीत बसतात आणि सकाळी कळतं की घोडा काढला.

दुसरा एंट्री मोजक्याच करतो आणि “अजून तयार नाही” हे तोंडावर सांगतो. त्याच्याकडे महिने कोरडे जातात, ट्रेनिंगचं बिल मात्र चालूच. नव्या मालकाला हे फार जड जातं, आणि इथेच बरेच जण घोडा हलवतात.

खरी परीक्षा पहाटे होते. सईस (घोड्याची निगा राखणारा) पुढच्या पायाच्या मागच्या कंडरेवरून हात फिरवतो आणि बोटभर जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते. घोडा लंगडत नाही, दाणाही संपवलाय. अशा पायावर पळवला आणि कंडरा फाटली, तर वर्षभर घोडा उभा राहू शकतो. सरळ ट्रेनर त्याच सकाळी फोन करून “डाव्या पायात गरमी आहे, व्हेटला बोलावलंय” असं सांगतो. लपवणाऱ्याकडून संध्याकाळी “जरा बरं नाही” एवढंच येतं.

म्हणून नुसते स्क्रॅच मोजू नका. ज्याचा घोडा कधीच काढला जात नाही, त्याचीही मला धास्ती वाटते. ब्रिटनमध्ये कुठल्या ट्रेनरचे किती घोडे ऐनवेळी पळत नाहीत याचं प्रमाण जाहीर होतं, हाँगकाँगमध्ये घोड्यांच्या व्हेटच्या नोंदीही कुणालाही बघता येतात. आपण निदान जुनी रेसकार्डं (रेसमधल्या घोड्यांच्या याद्या) निकालाशी ताडून पाहावीत आणि ट्रेनरला त्याच्या मागच्या तीन स्क्रॅचची कारणं विचारावीत. पाय कुठला, औषध काय दिलं, पुन्हा ट्रॅकवर कधी आला, हे तो न अडखळता सांगतो का ते बघा.

तुम्ही मुंबईत राहत असाल आणि ऐनवेळी जाणं-न जाणं सोपं असेल, तर पहिला ट्रेनरही चालेल. मात्र “एंट्र्या दोन, पळणार एकीत” असा मेसेज त्याच्याकडून आधी यायला हवा. बडोद्याच्या मालकासाठी माझा कौल दुसऱ्यालाच, कोरडे महिने धरूनही. भागीदारीच्या कागदात एक अट घाला: व्हेटचं प्रत्येक बिल तारखेसह सगळ्या भागीदारांना मिळेल. ती तारीख स्क्रॅचशी जुळत नसेल, तर त्या महिन्याचे पैसे देण्याआधी विचारा.