वळवाचा झोत की टोर्नेडो? पडझडीवरून ओळख
मे महिन्यात अर्धापूरकडच्या केळीबागा आडव्या झाल्या की टोर्नेडोची चर्चा सुरू होते. बहुतेकदा तो वळवाच्या ढगातून खाली आदळून पसरलेला झोत असतो. त्यात झाडं एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेरच्या बाजूला पडतात. टोर्नेडोत वारा फिरत आत खेचला जातो: अरुंद पट्टा, आडवीतिडवी झाडं, शेजारचं घर शाबूत.

टोर्नेडोची ताकद नुकसानीवरून ठरवतात. त्यासाठी ईएफ (एन्हान्स्ड फुजिता) ही ० ते ५ अशी श्रेणी आहे. वाऱ्याचा वेग ईएफ-० ला ताशी १०५ किमीपासून, ईएफ-५ ला ३२२ च्या पुढे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट!

जोरदार झोतही ईएफ-१ इतकी पडझड करू शकतो. म्हणून पत्र्यांवर नुसते दगड ठेवू नका, तेच अंगावर येतात. पत्रे आडव्या अँगलला हुक-बोल्टनं आवळा. कडेला बोल्ट जवळजवळ घ्या. पत्रा आधी तिथूनच उचलला जातो.