पात्रादेवीला ‘अडकलेला’ गिअरबॉक्स

ट्रॅक्टरच्या स्लॅशरचे (मागे जोडायचं गवत कापायचं यंत्र) सुटे भाग फोनवरच्या जाहिराती बघून मागवणार असाल तर आधी हे वाचा. माझे 15,500 रुपये गेलेत.

स्लॅशर घरीच दुरुस्त करत होतो. तडा गेलेल्या पत्र्यावर सहा मिलिमीटरची पट्टी आणि खालून अँगल, सगळं वेल्डिंग मीच केलं. पण गिअरबॉक्सचे दातच उडाले होते. (ड्रायव्हरने शिअर बोल्टच्या, म्हणजे धक्का बसला की आधी तुटणाऱ्या बोल्टच्या, जागी न तुटणारा हाय टेन्साइल बोल्ट घातलेला. पातं चिऱ्यावर आदळलं, बोल्ट तुटायला हवा होता, तुटले दात. असले उद्योग करू नका.) म्हापशात 26,000 सांगितले, जाहिरातीत 18,500. चवथ तोंडावर आलेली, काजूच्या बागायतीत कमरेएवढं गवत. माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं.

आगाऊ 9,250 दिले. मग ट्रान्सपोर्टचे 2,400. बिल आलं, त्यावर जीएसटी नंबर, माणूस ‘दादा, दादा’ करत अदबीने बोलणारा. संशय कशाचा घ्यायचा? शनिवारी संध्याकाळी फोन आला: गाडी पात्रादेवीला, गोव्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर, अडवलीय, एंट्री टॅक्सचे 3,850 भरा, माल उतरला की परत मिळतील.

एंट्री टॅक्स! 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हाच तो गेला, आणि हे मला पक्कं ठाऊक. वर पात्रादेवी घरापासून स्कूटरने जेमतेम पंधरा मिनिटं. पण बाहेर धो धो पाऊस आणि हा म्हणतोय, आत्ता नाही भरले तर गाडी मागे जाईल. भरले. रात्री बिल नीट पाहिलं. राजकोटचा म्हणवणाऱ्याचा जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता. 07 म्हणजे दिल्ली. गुजरातचा 24, आपल्या गोव्याचा 30. पहिले दोन आकडे बघायला पैसे पडत नाहीत.

चौकीवर म्हणाले, बँकेत जा. बँक म्हणाली, एफआयआर आणा. परत चौकीवर गेलो तर बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट हवं. शिक्का घेऊन गेलो तर साहेब चवथीच्या रजेवर! एकाने तर हसून विचारलं, ‘शिकलेले ना तुम्ही?’ पंधरा हजार म्हणजे यांना चहापाणी वाटतं की काय? पैसे गेले की पहिल्यांदा सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 फिरवा, त्याच मिनिटाला, मग चौकीच्या पायऱ्या झिजवा. आणि ‘परत मिळतील’ म्हणून कोणी पैसे भरायला सांगितले की फोन ठेवा.

जाहिरात अजून चालू आहे. फोटो तोच, भाव आता 17,000.