भोकांची डिस्क नको, साधीच बरी

घाटात उतरताना गाडीच्या ब्रेकचं पेडल मऊ पडायला लागलं, तेव्हा ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि तिला दाबून धरणारे पॅड बदलायचं ठरवलं. भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण तापून-थंड होऊन भोकांच्या कडेला तडे जाऊ शकतात, म्हणून साधी हवेशीर (आत हवा खेळायला पोकळी असलेली) डिस्क घेतली. पॅड सिरॅमिक. आवाज नाही, चाकांवर काळी भुकटीही कमी. थंडीत पहिले एक-दोन ब्रेक मात्र जरा सुस्त लागतात.

बसवल्यावर पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवला. हे टाळलं तर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू शकतं; मागच्या खेपेला भोगलंय. ब्रेक ऑइलही नवं, डॉट ४ दर्जाचं भरलं. खरं सांगायचं तर पेडलमधला अर्धा फरक त्याचाच असावा.