कार्बन-14 युरिया ब्रेथ टेस्ट किट: कॅप्सूल उत्तम, पण तयारी कच्ची असेल तर निकाल वाया

किरणोत्सारी अणूंचा माग काढून पोषणातले दोष शोधण्याच्या बऱ्याच चाचण्या आता मागे पडल्या. बी12 च्या शोषणासाठी कोबाल्ट-57 वापरणारी शिलिंग चाचणी तर जवळपास इतिहासजमा झाली. श्वासाची ही चाचणी मात्र टिकली, आणि ती टिकायलाच हवी होती. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही किंवा बी12 वारंवार कमी भरतं, अशा वेळी जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे का, हे या चाचणीने पाहावं लागतं. या जंतूमुळे जठराचा दाह लांबला की आम्ल घटू शकतं. मग अन्नातलं लोह नीट विरघळत नाही आणि प्रथिनांना चिकटलेलं बी12 सुटत नाही.

कॅप्सूलमध्ये 37 किलोबेकरेल, म्हणजे 1 मायक्रोक्युरी किरणोत्साराचा, कार्बन-14 (किरणोत्सारी कार्बन) असलेला युरिया असतो. जंतू असेल तर त्याचं युरिएज हे विकर हा युरिया फोडतं. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुफ्फुसात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. शरीराला मिळणारा डोस सुमारे 3 मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून एका दिवसात मिळतो त्याहूनही कमी. एवढ्या कामासाठी इतका कमी डोस, ही या किटची खरी जमेची बाजू.

सहा तास उपाशीपोटी राहून कॅप्सूल 20 मिली कोमट पाण्यासोबत अख्खी गिळायची, तिसऱ्या मिनिटाला आणखी 20 मिली पाणी प्यायचं आणि दहाव्या मिनिटाला फुगा भरून घ्यायचा. कॅप्सूल चावली किंवा तोंडात फुटली, तर तोंडातले जंतूच युरिया फोडतात आणि नसलेला संसर्ग दिसतो. जिलेटिनचं कवच त्यासाठीच असतं, म्हणून गिळताना समोर उभं राहून बघावं.

फुग्यातली हवा 2.5 मिली निळ्या द्रावणातून हळूहळू सोडतात. निळा रंग उडाला की ठरलेल्या मापाचा, म्हणजे सुमारे 1 मिलिमोल, कार्बन डायऑक्साइड अडकला असं समजायचं. मग 10 मिली सिंटिलेशन द्रव (किरणोत्सारामुळे चमकणारा द्रव) घालून कुपीतल्या चमका मोजायला लावतात. 50 डीपीएमच्या (मिनिटाला होणारी विघटनं) खाली निगेटिव्ह, 200 किंवा जास्त पॉझिटिव्ह, मधले संदिग्ध. कॅप्सूलमध्ये मिनिटाला बावीस लाखांवर विघटनं होतात आणि निकाल ठरतो दोनशेवर! त्यामुळे कोऱ्या (श्वास न सोडलेल्या) कुपीची मोजणी वजा न करणं ही किरकोळ चूक नाही. दुसरी नेहमीची चूक घाईची. द्रावण अल्कधर्मी असल्यामुळे द्रव मिसळल्याबरोबर कुपीत रासायनिक प्रकाश चमकतो आणि काउंट (मोजलेल्या चमका) खोटे चढतात. कुपी तासभर अंधारात ठेवली की हा प्रकाश ओसरतो. उलट निळसर छटा उरली असेल तर ती प्रकाश गिळते आणि काउंट पडतात.

कुपीऐवजी कार्ड असलेला दुसरा प्रकार वापरायला फारच सोपा. रंग बदलेपर्यंत कार्डात फुंकायचं आणि कार्ड किरणोत्सार मोजणाऱ्या छोट्या गायगर काउंटरमध्ये सरकवायचं. निळ्या द्रावणातलं विषारी मिथेनॉल हाताळावं लागत नाही. मात्र त्याचे आकडे सीपीएममध्ये (यंत्राने मिनिटाला मोजलेले काउंट) येतात, त्यांना डीपीएमच्या मर्यादा लावू नयेत. रोजच्या कामाला कार्ड बरं, पण निकाल काठावर आला की भरवसा कुपीचाच.

किटच्या माहितीपत्रकाबद्दल तक्रार आहे. औषधांचा मुद्दा बारीक अक्षरात शेवटी टाकलेला असतो, खरं तर तो पाकिटाच्या वरच छापायला हवा. प्रतिजैविकं आणि बिस्मथ 30 दिवस, ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या 14 दिवस आधी थांबलेल्या असाव्यात. (त्या थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.) नाहीतर जंतू दबलेला राहतो आणि चाचणी निगेटिव्ह येते. यंत्र बिघडल्यामुळे जितके निकाल चुकतात, त्याहून कितीतरी जास्त इथे चुकतात. जठराचा भाग काढलेल्यांमध्ये कॅप्सूल लवकर पुढे सरकते, त्यांच्या बाबतीत नुसत्या निगेटिव्ह निकालावर विसंबू नये.

उपचारानंतर जंतू गेला का हे पाहायलाही हीच चाचणी योग्य, कारण रक्तातली प्रतिपिंडं जंतू गेल्यावरही कित्येक महिने राहतात. उपचार संपल्यावर किमान चार आठवडे थांबावं. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांच्यासाठी हे किट घेऊ नये. त्यांना किरणोत्सारी नसलेल्या कार्बन-13 चं किट घ्यावं.